कडू वचन

एक जानेवारीच्या सकाळी जगातली माणसं एकमेकांचं तोंड गोड करतात. आमच्या दिग्रसच्या चर्चमधली माणसं त्या सकाळी घरातून निघायच्या आधी दोनदोनदा परसाकडे जाऊन यायची. हसू नका. रिबकाबाईंच्या निळ्या डब्यात ज्यानं डोळे मिटून हात घातला आहे, तो हसणार नाही. मी तो चौदा वर्षं घातला. आता बाई नाहीत. नव्या वर्षाची वचनं मोबाईलवर येतात, मागे गुलाबाचं फूल आणि उडती कबुतरं. त्यात कोणाला शिक्षा होत नाही, कोणाचा नाश होत नाही, सगळ्यांचं भलंच भलं. ती वाचून मी मोबाईल उपडा ठेवते. भीती मात्र जानेवारी लागला की अजून येते, पोटातूनच येते.

वचन काढायची आमच्यात जुनी चाल आहे. वर्षाच्या पहिल्या उपासनेत शास्त्रातली वचनं लिहिलेल्या चिठ्ठ्या डब्यात घालतात. प्रत्येकानं एक काढायची, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची आणि घरी भिंतीला लावायची. ते तुमचं त्या वर्षाचं वचन. जो आला नाही त्याची चिठ्ठी घरच्या मोठ्यानं काढायची. पूर्वी या चिठ्ठ्या छापील यायच्या, सगळ्या आशीर्वादाच्या. रिबकाबाई सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या, त्या वर्षी त्यांनी हे काम मागून घेतलं. जुन्या लसीकरणाच्या कार्डांच्या पाठकोऱ्या बाजूला स्वतःच्या हातानं चिठ्ठ्या लिहिल्या आणि गोड चिठ्ठ्यांमध्ये एक डझन कडू मिसळल्या. जुन्या करारात देवानं न मानणाऱ्यांचा जो जो निवाडा केला, त्यातल्या. डबाही दवाखान्यातलाच, पोलिओचे डोस थंड ठेवायचा, झाकण तडकलं म्हणून टाकून दिलेला.

त्यावरून केवढा गहजब! तेव्हाचे पाळकसाहेब म्हणाले, "बाई, नव्या वर्षाचा दिवस आहे, लोकांना उभारी द्यायची की धडकी भरवायची?"

बाईंनी बोट वर केलं. बोलायच्या आधी बोट वर करायची त्यांना सवय होती, सुई टोचायच्या आधी सिरिंज वर धरतात तसं.

"साहेब, तुमी असं करा. शास्त्रातली जेवढी पानं कडू हायेत तेवढी डिंकानं चिकटवून टाका. मंग अर्धंच पुस्तक राहीन. हलकं बी होईन, तुमाले न्यायले सोपं."

साहेब गप्प बसले. बाईंपुढे गप्प बसणं सगळ्यांनाच जमायचं.

बुटक्या, काळ्यासावळ्या, पांढरं पातळ, केसांना एवढं तेल की ऊन लागलं की चमकायचं. अंगाला डेटॉलचा वास, निवृत्तीनंतरही. समोर कोण आहे हे पाहायच्या आधी त्या त्याच्या डाव्या दंडाकडे पाहायच्या, लहानपणी टोचलेली खूण आहे का म्हणून. माझं लग्न होऊन मी त्यांच्या शेजारी राहायला आले. आमच्या दोन घरांत भिंत एकच. पहिल्याच दिवशी सलाम म्हणायला गेले, तर माझी बाही वर सारून म्हणाल्या, "टोचलेली हाय. बस. च्या घेतं?" मी अंगणवाडीत लागले तेव्हापासून मला त्यांनी लेकीसारखं वागवलं, म्हणजे रोज एकदा तरी रागावल्या. हसताना तोंडावर हात ठेवायच्या, जसं काही हसणं चोरून आणलं आहे. जवसाची चटणी अशी करायच्या की आमच्या घरची भाकरीची चळत त्यांच्याच वाटीवर संपायची.

संडे स्कूलमध्ये त्यांच्या वर्गाला पोरं धावत जायची आणि घाबरत बाहेर यायची. माझी दोन्ही मुलं त्यांच्या हाताखालून गेली. रानात चाळीस वर्षं भटकलेल्या लोकांची गोष्ट त्या अशी सांगायच्या: "समजा दिग्रसहून यष्टी निघाली. जाचं नेरले. दोन-तीन घंट्याची वाट. पण यष्टीतले लोक म्हणाले, आमाले देवावर भरोसा नाई, तो आमाले मारायलेच नेऊन राह्यला. मंग काय झालं? ते यष्टी चाळीस वर्षं फिरत राह्यली. जे मोठे चढले होते ते सारे सीटवरच मेले. नेरच्या स्टँडवर त्याईतले फक्त दोघं उतरले. यहोशवा आन कालेब. अन् बाकी उतरली ते मेलेल्याईची पोट्टी." माझा धाकटा त्यानंतर दोन वर्षं एसटीत बसायला रडायचा. मी भांडायला गेले तर म्हणाल्या, "रडू दे. भरोसा ठेवाले शिकीन."

पण त्यांची खास गोष्ट शोमरोनची. शहराला शत्रूचा वेढा पडलेला, लोक गाढवाचं मुंडकं विकत घेऊन खात होते. तेव्हा अलीशा संदेष्टा म्हणाला, उद्या या वेशीत पीठ मातीमोलानं मिळेल. राजाचा उजवा हात असलेला सरदार हसला. म्हणाला, देवानं आभाळाला खिडक्या पाडल्या तरी असं होईल का? अलीशा म्हणाला, तू ते डोळ्यांनी पाहशील, पण तुझ्या तोंडात त्यातलं काही पडणार नाही. दुसऱ्या दिवशी शत्रू पळून गेला, पीठ स्वस्त झालं, लोक वेशीकडे धावले, आणि तो सरदार त्याच वेशीत पायांखाली चेंगरून मेला. समोर पिठाचे ढीग.

"कायनं मेला?" बाई विचारायच्या.

"चेंगरून!" पोरं ओरडायची.

"चेंगरून तं सारे मेले असते. तो हासला, म्हणून मेला."

आणि मग वर्गात एकही पोरगं हसायचं नाही. खरं सांगते, दाराबाहेर उभ्या मलाही घाम फुटायचा.

लोकांनी त्या डब्याचं पंचांग करून टाकलं, यात बाईंचा दोष नव्हता. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणाऱ्या बाबूरावांना एका वर्षी चिठ्ठी निघाली, पेराल पुष्कळ आणि घरी आणाल थोडं. त्याच वर्षी त्यांच्या कपाशीवर बोंडअळी पडली. बाबूराव गावभर सांगत सुटले, "बाईची चिठ्ठी लागली हो!" बाई भर बाजारात त्यांच्यावर उखडल्या. "अळी तालुकाभर पडली. तालुक्यानं मायीच चिठ्ठी काढली होती काय? बाबूराव, चिठ्ठीनं काई होत नाई. कागद हाय तो. ज्याचं वचन हाय त्याले भ्या. अन् कडू निंघालं तं समजा का देवानं तुमच्यासंगं बोलणं सोडलं नाई. बोलणं सोडीन तवा रडा."

हे वाक्य त्यांच्याच गळ्यात येणार होतं.

एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला हे कडू एवढं कशाला लागतं हो बाई? त्या तूर निवडत होत्या. सूप बाजूला सारलं. मग सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला त्या घाटंजीकडे एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, लस टोचायला जायच्या. एक आई पोरीला टोचू देईना. म्हणे, ताप येतो. बाईंनी तिला गोवर काय करतो ते सांगायला हवं होतं. "पण तिचं तोंड पाहून मले कसंतरी झालं. लेकरू मांडीवर हासून राह्यलं होतं. म्हणलं कायले भेववा. म्हणली, बरं बाई, पुढच्या खेपेले टोचू, काई होत नाई. अन् मायी यष्टी होती चारची." पुढच्या खेपेला गेल्या तर पोरगी गोवरानं गेलेली. आईनं बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं.

"म्या तिले गोड सांगितलं, नलू. भेवाडलं असतं तं जगली असती पोरगी. देव धमकी देत नाई. आधी सांगून ठेवते. म्या नाई सांगितलं."

त्या दिवसानंतर मी त्यांच्या कडू चिठ्ठ्यांवर एकदा सोडलं तर कधी बोलले नाही.

आता शामूचं सांगते. शमुवेल, बाईंचा एकुलता एक. पुसद रोडला मोटर रिवायंडिंगचं दुकान, अडतीस वर्षांचा, लग्न केलं नाही. स्वभावानं सोनं. कोणाच्या विहिरीवरची मोटर जळाली तर जेवण टाकून जायचा. पण चर्चची पायरी वीस वर्षं चढला नव्हता. आईवर राग नाही, देवावरही नाही. तेच तर वाईट. म्हणायचा, "मायं देवासंगं भांडण नाई, वहिनी. तो हाय असं वाटतच नाई मले." भिंतीपलीकडे हे ऐकून बाईंच्या हातातलं भांडं पडायचं. एक दिवस त्या त्याला म्हणाल्या, येशील रे तू एक दिवस, देव आणीन तुले. शामू बूट चढवत होता. हसून म्हणाला, "आभाळाले खिडक्या पडतीन ना, तवा येतो!"

त्याला गोष्ट आठवत होती की सवयीनं बोलला, कोण जाणे. तो गाडीला किक मारून गेला. मी बाईंकडे पाहिलं. तोंडाचा रंग उडालेला. त्या डिसेंबरात चिठ्ठ्या लिहायला मी त्यांच्याजवळ बसले होते. सरदाराची चिठ्ठी आली तेव्हा मी म्हटलं, "बाई, ही एवढी एक नका टाकू यंदा."

"लेकासाठी शास्त्र कापू काय मी?" म्हणाल्या, आणि घडी घालून डब्यात टाकली.

तीस डिसेंबरला शामूच्या पोटात दुखायला लागलं. आतड्याला भोक पडलं होतं. यवतमाळला मोठ्या दवाखान्यात नेलं, एकतीसला दुपारी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस काढले की मग बोलू. आणि एक तारखेला सकाळी बाई चर्चच्या दारात उभ्या! पहिल्या गाडीनं आलेल्या, डोळे सुजलेले, पातळ कालचंच.

"बाई, तुम्ही इथं? शामूजवळ कोण आहे?"

"दुकानातला दोस्त हाय त्याचा. त्याचं वचन काढाले आली मी."

डबा त्यांनी माझ्या हातात दिला. दरवर्षी त्याच धरायच्या, त्या दिवशी म्हणाल्या, तू धर. सगळ्यांच्या चिठ्ठ्या झाल्या. बाईंची स्वतःची गोड निघाली. मग पाळकसाहेब, हे नवे, तिशीतले, बाईंना घाबरून असणारे, म्हणाले, आता आपण शमुवेलभाऊंसाठी. सगळे उठून उभे राहिले. बाईंनी डोळे मिटले, हात घातला. इतका खोल घातला की डबा माझ्या पोटाला टेकला. चिठ्ठी काढली, उघडली. मी शेजारीच होते. त्यांचंच अक्षर, निळी शाई. तू हे डोळ्यांनी पाहशील, पण तुझ्या तोंडात यातलं काही पडणार नाही.

माझ्या हातातला डबा सुटता सुटता राहिला.

आणि बाईंनी वाचलं. खणखणीत आवाजात, एकही शब्द न अडखळता: "भिऊ नको. मी तुझा हात धरला आहे. मी तुला उठवीन."

"आमेन!" सगळं चर्च म्हणालं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बाबूराव तर हुंदके देत होते. मी एकटी त्यांच्याकडे पाहत होते, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चिठ्ठी मुठीत गेली.

दुपारच्या गाडीनं मी त्यांच्याबरोबर यवतमाळला गेले. वाटेतलं आर्णी मागे पडलं. मग त्या मूठ न उघडता म्हणाल्या, "पाह्यलं ना तू?"

"पाहिलं."

"कोनाले सांगजो नको."

मी कोणाला सांगणार? वाटत होतं, आपण पोहोचू आणि तो दोस्त जिन्यातच भेटेल. जिन्यात कोणी भेटलं नाही. शामू शुद्धीवर होता. नाकात नळी, ओठ फुटलेले. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा चहात बिस्कीट बुडवून खात होता आणि शामू त्या बिस्किटाकडे एकटक पाहत होता. डॉक्टरांनी सक्त सांगितलेलं, पाच दिवस तोंडानं थेंबही द्यायचा नाही.

"आई," तो म्हणाला, "लय भूक लागली वं. नुसतं पाहूनच राह्यलो मी."

बाई मटकन खाली बसल्या. फरशीवरच. सिस्टर धावली, तिला वाटलं दमल्या असतील. मला माहीत होतं ते मी बोलू शकत नव्हते. देवाशपथ, माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकी कधी भ्याले नव्हते.

शामू वाचला. सहाव्या दिवशी पेज प्याला, बाराव्या दिवशी घरी आला. तुम्ही म्हणाल, झालं तर मग, चिठ्ठी खोटी पडली. मीही हेच म्हटलं. बाई म्हणाल्या, "त्या सरदारानं बी दुसरा दिवस पाह्यला, नलू. पीठ स्वस्त झालेलं पाह्यलं. मंग मेला." शामू जेवढा बरा होत गेला, तेवढ्या त्या खंगत गेल्या. तो जेवायला बसला की समोर बसायच्या. स्वतः जेवायच्या नाहीत. प्रत्येक घासाबरोबर त्यांची नजर ताटातून त्याच्या तोंडाकडे, तोंडातून गळ्याकडे. शेवटचा घास उतरला की सुस्कारा. एकदा त्याला साधा ठसका लागला तर अशी किंकाळी फोडली की मी भिंतीपलीकडून भाकरी तव्यावर टाकून धावले. शामू म्हणाला, "आईले काय झालं हो, वहिनी? मायं तोंड पाहत बसते, जेवू देत नाई, मले लाज वाटते."

मी बाईंना परोपरीनं समजावलं. मी म्हटलं, हिज्कीया राजाला नाही का देवानं सांगितलं होतं, तू मरशील म्हणून? आणि मग पंधरा वर्षं वाढवून दिली? निनवे नगर उलथवणार होता, नाही उलथवलं.

"हिज्कीया भिंतीकडे तोंड करून रडला. निनवेवाले राखेत बसले. त्याईनं ऐकलं, म्हणून देव फिरला." बोट वर केलं, आणि लगेच खाली घेतलं. "म्या काय केलं? म्या ऐकलंच नाई. त्याच्या तोंडातलं वचन बदलून टाकलं. लोकाईले म्हणत होती कागद हाय तो, कागदाले भिऊ नका. अन् मी कागदाले भेली. कागदाले भेली अन् देवाले नाई भेली. याच्यापेक्षा मोठा अविश्वास कोनता हाय, सांग."

मी त्यांच्यासाठी चहा टाकायला उठले.

कदाचित हे असंच चाललं असतं. पण पाळकसाहेबांच्या मनात आलं की शमुवेलभाऊ बरे झाले, तर उपकारस्तुतीची उपासना ठेवावी. संदेश कशावर? बाईंना मिळालेल्या वचनावर! भिऊ नको, मी तुझा हात धरला आहे. घरी येऊन आनंदानं सांगून गेले. शामूही म्हणाला, येतो बुवा, माझ्यासाठी एवढे लोक रडले म्हणता, एक दिवस येऊन बसीन. वीस वर्षांत ज्यासाठी बाईंनी गुडघे झिजवले, ते असं घडत होतं, आणि त्या ती चिठ्ठी पदराच्या गाठीत घेऊन घरभर फिरत होत्या.

मार्चचा रविवार. चर्च भरलेलं. मागे पातेल्यात पुलाव. शामू नवा शर्ट घालून पहिल्या बाकावर. साहेबांनी शास्त्र उघडलं, म्हणाले, "रिबकाबाईंना देवानं जे वचन दिलं..." आणि बाई उभ्या राहिल्या.

"ते वचन नाई निंघालं, साहेब."

पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली. घडीवर फाटायला आलेली. ती त्यांनी वाचली, प्रत्येक शब्द वेगळा काढून. मग म्हणाल्या, "हे निंघालं होतं. मायाच्यानं वाचल्या नाई गेलं. तुमच्यापुढं देवाच्या नावानं खोटं वाचलं मी. चाळीस वर्षं तुमच्या पोट्ट्याईले सांगतली का भरोसा ठेवा. मायीच पाळी आली तवा म्या ठेवला नाई. चिठ्ठी शामूच्या नावाची हाय, पण न मानणारी मी हाय. जे व्हायचं असन ते मले होऊ दे, एवढीच प्रार्थना करा."

माणसं श्वास धरून शामूकडे पाहत होती, जसं काही छत आत्ता त्याच्यावर पडणार आहे. बाबूरावांनी दोन्ही हातांनी बाक पकडला होता. मीही वर पाहिलं. खोटं कशाला बोलू?

साहेब वेदीवरून खाली आले. तरुण माणूस, घाबरलेला, पण खाली आला. म्हणाला, "बाई, जे व्हायचं ते तुमच्या आधी एकानं आपल्यावर घेतलं आहे. वधस्तंभावर. हे तुम्हीच आम्हाला शिकवलं."

"माहीत हाय, साहेब," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षांपासून माहीत हाय. पण भेव जात नाई."

"मग भेव घेऊनच बसा. पण इथंच बसा. उठून जाऊ नका."

तेवढ्यात शामू उठला. आता हा निघून जातो की काय, असं मला वाटलं. तो आईजवळ गेला, हात पुढे केला. "मायी हाय ना ते? मंग मले दे." चिठ्ठी घेतली, मनातल्या मनात पूर्ण वाचली, आणि शर्टाच्या खिशात ठेवली. आईच्या खांद्याला धरून तिला खाली बसवलं आणि तिच्याशेजारी बसला. उपासना संपेपर्यंत उठला नाही.

घरी गेल्यावर त्यानं ती चिठ्ठी भिंतीला लावली. मला एकदा दुकानाबाहेर म्हणाला, "वहिनी, तो हाय असं आता बी नाई वाटत मले. पण पयले भेव नव्हतं, आता वाटते. कोनाचं वाटते ते सांगता येत नाई." तो दर रविवारी येऊ लागला नाही. महिन्यातून एखादा रविवार, शेवटच्या बाकावर. एवढंच.

बाईंनी त्या मार्चनंतर अंथरूण धरलं. वय झालंच होतं. जूनमध्ये गेल्या. मी त्या दिवशी ट्रेनिंगला यवतमाळला होते, त्यामुळे त्यांचं जाणं मी पाहिलं नाही. मी त्यांना शेवटचं धड पाहिलं ते मे महिन्यातल्या एका दुपारी.

बाहेर आग ओतत होती. दार लोटलेलं, कूलर घरघरत होता. शामू दुकानातून आला होता, स्वतःच थापलेल्या जाड भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन आईच्या खाटेजवळ खाली बसला होता. बाई कुशीवर, गालाखाली हात, नजर त्याच्या ताटावर. रोजचंच. मी पायथ्याशी बसून पंख्यानं माश्या वारत होते. शामू खाली मान घालून जेवत होता आणि मोटरच्या तांब्याच्या तारेचं काहीतरी सांगत होता.

बाईंचे डोळे मिटले.

मी पंखा टाकला. झटकन त्यांच्या नाकाशी बोटं धरली. श्वास लागला, गरम, सावकाश. पुन्हा धरली. झोपल्या होत्या. तोंड थोडं उघडं पडलेलं.

"काय झालं?" शामूनं विचारलं. हातात घास तसाच.

"काही नाही. डोळा लागला त्यांचा."

त्यानं आईकडे पाहिलं, मग ताटाकडे. ताटात अजून अर्धी भाकर होती. जानेवारीपासून त्याचं ताट संपायच्या आधी ती झोपली नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"झोपू द्या तिले," तो हळूच म्हणाला, आणि राहिलेली भाकर आवाज न करता खायला लागला.